सव्वासतरा इंचांचा टेकू

तारीख अकरा, रविवार. टेम्पोभाडे अकराशे रुपये. हजर: मी, टेम्पोवाला इस्माईलभाई आणि पालीच्या घराच्या ओट्यावर पाय सोडून बसलेली आक्का. दाजी, तुमच्या जलदानविधीचा तो दुसरा दिवस. त्या दिवशी मी तुमचे टेकू गोळा केले. सहा जागोजागचे आणि सातवा तुमच्या गोठ्यातला. सगळे अंगणात भिंतीकडेला उंचीच्या क्रमानं उभे केले आणि हात झटकले. काम चोख झालं असं मला वाटलं.

चूक केवढी झाली ते तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही हसाल, ठाऊक आहे. हसा.

तुम्ही ती ट्रॉली बनवलीत तेव्हा लोक वळून बघायचे. जुन्या लोखंडी खाटेचा सांगाडा, खाली स्कूटरची दोन चाकं, पुढं चार फुटांची दांडी, दांडीच्या टोकाला कडी. मोटारसायकलच्या मागं वेल्डिंग करून घेतलेला हूक, आणि कडी-हुकातून आरपार जाणारी एक पिन. किकवीहून पेंडीची पोती आणायची आणि पालीच्या वरच्या वाड्यांवर, जिथं टेम्पो चढत नाही, तिथं पोचवायची. उतरताना भात, दुधाचे कॅन, एकदा तर एक आजारी बोकड. मी भोरच्या वजनकाट्यावर नोकरीला, म्हणून ती पहिल्यांदा तोलायला माझ्याकडे आणलीत. रिकामी एकसष्ट किलो. तीन पोती घालून दोनशे अकरा. दांडीच्या टोकावर येणारा भार छत्तीस किलो. हे आकडे मी कागदावर लिहून तुमच्या हातात दिले. तुम्ही कागद खिशात घातलात, पिन उपसलीत, आणि छत्तीस किलो सरळ तुमच्या पायावर आले.

"लिहून दिलं होतं की नाही?" मी म्हणालो.

एका पायावर नाचत तुम्ही म्हणालात, "दिलं व्हतं की. पन पायाला कुठं वाचता येतंय?"

त्यानंतर टेकूंचं सुरू झालं. बैल सोडल्यावर गाडीचं जू जमिनीला टेकू नये म्हणून खाली जो दांडका लावायचे, त्याला तुमचे वडील शिपाई म्हणायचे. तुम्ही तसाच एक, मोडक्या सायकलीच्या नळीचा केलात. पिन काढायच्या आधी तो दांडीखाली उभा करायचा, भार त्याच्यावर गेला की पिन काढायची, मोटारसायकल पुढं घ्यायची. जुंपताना उलटं. मी रेघांच्या कागदावर तुम्हाला एक नकाशा काढून दिला. आटे पाडलेला, खालीवर फिरवता येणारा एकच टेकू, ट्रॉलीलाच कायमचा बांधलेला. उंची बारा ते अठरा इंच. खर्च अंदाजे साडेसहाशे.

"झ्याक काढलाय," तुम्ही म्हणालात. "फ्रेम करून लावा."

"दाजी, चेष्टा नको. सहा ठिकाणी सहा टेकू कशाला? एक बरोबर न्या."

"ओ फूटपट्टी, टेकू गाडीचा न्हाई, जागेचा असतो. तुमचं आटं फिरवायला खाली बसावं लागतंय. तुमच्या भनीचं गुडघं बगितल्यात का?"

आक्काचा ह्यात काय संबंध, ते तेव्हा मी विचारलं नाही. आपला वाद आठ वर्षं चालला. दर भेटीत निदान पाच मिनिटं. मी म्हणायचो, हूक जमिनीपासून सोळा इंचांवर आहे, मग टेकू सोळा इंचांचाच पाहिजे, हे गणित आहे. तुम्ही म्हणायचात, व्हय, आन् जमीन तुमच्या सायबानं रंधा मारून दिल्या.

आणि जिथं जिथं ट्रॉली सोडायचात, तिथं तिथं एकेक टेकू ठेवून द्यायचात. कोणी चोरला नाही. लोक म्हणायचे, तो त्यांचा आहे, राहू दे.

त्या रविवारी मी ते सगळे उचलले. माझ्या डोक्यात एकच होतं. दाजी गेले, आता त्यांची वस्तू लोकांच्या दारात पडून राहणं बरं दिसत नाही. जिची आहे तिला मिळाली पाहिजे. किकवीच्या पेंडवाल्यानं काउंटरवरून मान वर केली, "न्हेताय? ऱ्हाऊ द्या की पावनं, अडचन न्हाई आमची." मला वाटलं भीड आहे. उत्रोलीच्या भातगिरणीत पट्ट्याच्या आवाजात कोणी काही बोललं, ते ऐकूच आलं नाही. वरच्या धनगरवाड्यावर ठकूबाईंनी तर टेकूवर हात ठेवला.

"ह्यो कशाला न्हेताय दादा? त्यो हितंच ऱ्हातो."

"आता ते नाहीत ना, मावशी."

"ते न्हाईत. त्यो हाय न्हवं?"

मला वाटलं, म्हातारं माणूस, दुःखात बोलतंय. टेकू उचलला. इस्माईलभाईंनी टेम्पो खालीच थांबवला होता. पाऊण किलोमीटर तो खांद्यावर घेऊन उतरलो. वजन साडेतीन किलो.

संध्याकाळी अंगणात टेपनं मापं घेतली. सोळा. साडेचौदा. पावणेअठरा. सव्वापंधरा. साडेसोळा. तेरा. गोठ्यातला, कुदळी-फावड्यांच्या मागं उभा केलेला, सव्वासतरा. त्याच्या पायाला टायरचा तुकडा तारेनं आवळलेला. सात टेकू, सात उंच्या. सारखे दोन नाहीत. वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: मापात हयगय. सातव्यापुढं लिहिलं: रबर, कारण कळत नाही. दाजी, हे मी तुमच्या जलदानाच्या दुसऱ्या दिवशी, तुमच्या अंगणात, तुमच्या फोटोसमोर बसून लिहिलं.

मंगळवारी सकाळी आक्काचा फोन आला. तिनं पहिली फेरी काढली होती. मला न सांगता. सांगितलं असतं तर मी अडवलं असतं. ट्रॉली विकून टाक, हे मी तिला तुमच्या अंत्ययात्रेहून परतताना सांगितलं होतं. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "मग वर पेंड कोन न्हेनार? तू?" पन्नाशीनंतर तुम्ही तिला मोटारसायकल शिकवलीत तेव्हा गाव हसलं होतं, त्यात मीही होतो. आता त्या ट्रॉलीवर तिचा हातखर्च होता, दुभतं होतं आणि, ती बोलली नाही पण होतं, घराबाहेर पडायचं कारण होतं.

"सुधा, तू टेकू गोळा केलंस व्हय रं? का त्यांची अक्कल गोळा केलीस?"

"काय झालं?"

"डेरीपाशी सोडाया गेले. त्यातल्या त्यात बरा दिसला त्यो टेकू न्हेला. पिनच निघंना. हातोडी मारली तवा निघाली, आन् दांडी खाली. दोन कॅन सांडलं. बोट चेंगारलंय."

"तू त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं मोजाय आनलंस. मोजशील आन् ठिवशील परत. तुजी सवयच हाय ती."

मी वही उघडली. जागांची यादी एका पानावर होती आणि उंच्यांची दुसऱ्या पानावर. मधे टेम्पो होता. कोणता टेकू कुठला, हे मी कुठंच लिहिलं नव्हतं. पंचवीस वर्षं काट्यावर बसून ही चूक माझ्या हातून कधी झाली नाही.

दोन दिवसांची रजा टाकली. बुधवारी पहाटेच्या एसटीनं निघून पालीला आलो, तेव्हा राजगड धुक्यात होता, नुसती वरची कड तरंगत होती. भात काढून झालेलं, खाचरं मोकळी, कापलेल्या धसकटांवर दव. आक्कानं बोटाला चिंधी बांधली होती. आम्ही सातही टेकू ट्रॉलीत आडवे घातले, पोती भरली आणि निघालो; मी पुढं, ती मागं. तिनं तुमची कसोटी सांगितली.

"पिन करंगळीनं निघाली तर टेकू बरोबर. दोन बोटं लागली तर चूक."

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, दाजी. उंच झाला तर टेकू दांडीला वर रेटतो, कमी पडला तर दांडी लोंबते. दोन्हीकडं पिन चावली जाते. बरोबर उंचीला भार पूर्ण टेकूवर जातो आणि पिन मोकळी होते. मग छत्तीस किलो उचलावे लागत नाहीत, वाकावं लागत नाही, दुसरा माणूस लागत नाही. चाकं एका पातळीत, टेकूचा पाय कुठं दगडावर, कुठं गटाराच्या काठाखाली, कुठं झिजलेल्या पायरीवर. प्रत्येक जागेचा आकडा वेगळा. तुम्ही टेकू तुमच्यासाठी करतच नव्हतात. तुम्ही तर ट्रॉली नुसती खांद्यानं उचलायचात.

अंगणातला लगेच सापडला, सोळाचा. डेअरीपाशी दोन बसले नाहीत, तिसरा लावून बघितला तेव्हा आक्कानं चिंधी बांधलेलं बोट बाजूला धरून करंगळी कडीत घातली आणि पिन वर आली, दह्यातून चमचा यावा तशी. मी आकडा लिहिला. धनगरवाड्यावर ठकूबाई आधीच उठून उभ्या होत्या.

"आनला? माज्या शेळ्या दोन दिस हुडकत्यात त्याला. अंग खाजवायचा खांब हाय त्यांचा."

तिथं पावणेअठराचा बसला. एक शेळी खरंच आली आणि त्याला मान घासू लागली. उतरताना खालच्या वाडीवर साडेचौदाचा बसला.

गुरुवारी आक्काला धारा होत्या, मी एकटाच खाली उतरलो. त्या दिवसाचं मला नीट सांगता येणार नाही. मी स्वप्न बघणारा माणूस नाही. पण रस्त्यावर धुकं इतकं सावकाश हलत होतं, आणि तुमच्या मोटारसायकलचा तो अडखळणारा आवाज माझ्याच खालून येत होता, तरी मला तो पुढून येतोय असं वाटत होतं. एका वळणापलीकडं तुम्ही चालला आहात, ट्रॉलीत उभी पोती, कानाला मफलर. मी वेग वाढवला नाही. गाठायचं नव्हतं, नुसतं मागून जायचं होतं. तुम्हाला नेताना खांदा बदलायला आम्ही थांबलो होतो ती जागा लागली. त्या दिवशी तुम्हाला टेकवायला सगळ्यांनाच पार खाली वाकावं लागलं होतं. इथंही तुमचा एक टेकू असायला हवा होता, असं आता वाटलं.

किकवीत पेंडवाला बाहेर आला आणि स्वतःच टेकू निवडू लागला. "ह्यो न्हाई. ह्यो बी न्हाई. तेनी हितं उभं ऱ्हाऊन गुडघ्याला लावून बगितलं व्हतं आनि मग दोन सूत कापला, मला ध्यानात हाय." दोन सूत म्हणजे पाव इंच. टेप नाही, कागद नाही. मी टेकू लावला, करंगळी घातली आणि पिन उचलली गेली. दाजी, खरं सांगतो, पलीकडून कोणीतरी दांडी अलगद धरली आहे असंच वाटतं. मी दोनदा घातली आणि दोनदा काढली. पेंडवाला दुसरीकडं बघत राहिला.

उत्रोलीच्या गिरणीत तेराचा बसला. सहा झाले. ट्रॉलीत एक उरला, रबराच्या पायाचा, सव्वासतराचा. त्याची जागा यादीत नव्हती. मी ठरवलं, हा तुमचा चुकलेला असणार. एक तरी चुकलाच असेल. खरं सांगायचं तर मला जरा बरं वाटलं.

आता फरशीचं. हे आपण कधी बोललो नाही.

तीन वर्षांपूर्वी मी भोरच्या घरापुढं, फाटकापासून रस्त्यापर्यंतच्या उतारावर फरशी बसवली. बासष्ट नग. बसवून चार दिवस झाले होते. तुम्ही आक्कानं दिलेला इंद्रायणी तांदळाचा कट्टा घेऊन आलात, ट्रॉली उतारावर घेतलीत, आणि सोडण्यासाठी वाकलात. मी खिडकीतून ओरडलो, "दाजी, फरशी!" एवढंच. तुम्ही चटका बसल्यासारखा पाय मागं घेतलात. कट्टा स्वतः आत आणून ठेवलात, पाणीसुद्धा न घेता गेलात. त्यानंतर तुम्ही माझ्या दारात ट्रॉली कधी सोडली नाहीत. महिन्यातून दोनदा यायचात, रस्त्यावर थांबायचात, इंजिन चालू. "आत या की," मी म्हणायचो. "नगं, गाडी जुंपल्याली हाय," तुम्ही म्हणायचात. आमची ही फाटकापाशी कप आणून द्यायची. तीन वर्षं, महिन्याला दोन. सत्तर-बहात्तर कप चहा तुम्ही मोटारसायकलवर बसून प्यायलात. मी रोज आकड्यांत बसणारा माणूस, हा आकडा मी परवापर्यंत काढला नव्हता.

सोडा दाजी, खुशाल सोडा, हे चार शब्द होते. जमलं नाही. आधी वाटलं तुम्ही विसराल, मग वाटलं फार दिवस झाले, आता कुठं काढायचं.

गुरुवारी दुपारी मी घरी पोचलो. ट्रॉली कुठंतरी सोडायची होती. उतारावर घेतली. दुसरा टेकू नव्हता म्हणून तो रबराचाच दांडीखाली धरला. पाय फरशीवर आला. करंगळी घातली.

पिन निघाली.

मी ती परत घातली, परत काढली. टेप आणला. हुकापासून फरशीपर्यंत, त्या जागी, सव्वासतरा. मी तिथंच उतारावर बसलो. उन्हात फरशी गरम झाली होती. आत कुकरची शिट्टी झाली, ही दारात येऊन म्हणाली, "अहो, असे काय बसलात?" मला गेल्या पावसाळ्यातली एक सकाळ दिसत होती. तुम्ही चहा पिता पिता हळूच गाडी मागं, उतारावर घेतली होतीत आणि हुकापाशी वाकला होतात. हातात सुतळी होती. मी विचारलं, "चेन सैल झाली का?" तुम्ही म्हणालात, "व्हय, बगतोय."

आक्काला फोन केला. रबराच्या टेकूचं विचारलं.

"श्रावणातच केलाय त्यो," ती म्हणाली. "रबर लावलं तुज्या फरशीला वरखडा नगं म्हनून. म्या म्हनलं, न्हेऊन लावा की एकदा. तर म्हनले, त्याचं दार हाय. त्यानं सोडा म्हनलं की न्हेतो."

दाजी, मी म्हणालो नाही.

वहीतला "मापात हयगय" हा शेरा खोडला आहे. खोडलेलं वाचता येतं. तसंच ठेवलं आहे. आटे पाडलेला एकच टेकू चालला असता, असं मला अजूनही वाटतं. पण तो कोणाच्या दारात उभा राहून वाट बघत राहिला नसता, हे मान्य.

गुरुवारी संध्याकाळीच मी गाडी आणि ट्रॉली पालीला पोचवून आलो होतो. काल, शनिवारी, आक्का आली. एकटी. पालीहून भोरपर्यंत, मागं ट्रॉली, डोक्याला तुमचा मफलर. उतारावर गाडी घेतली, टेकू दांडीखाली सरकवला. मी मदतीला पुढं झालो तर म्हणाली, "लांब हो. बगत ऱ्हा नुसता." करंगळी घातली, पिन वर. मोटारसायकल पुढं घेताना मात्र तिचा क्लच जरा लवकर सुटला, ट्रॉलीला हिसका बसला आणि टेकूखाली 'टक्' झालं. फरशीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. खाली पोकळ राहिलं होतं, गवंड्याचं काम.

आक्कानं तड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सोड आक्का," मी म्हणालो, "खुशाल सोड."

ती आत आली. दोन कप चहा घेतला, बसून. पाऊण तास बसली. तुमच्याविषयी फारसं बोललो नाही. किकवीत सरकीचा भाव किती वाढलाय ते बोललो. जाताना तिनं पाय न वाकवता जुंपलं आणि टेकू माझ्या भिंतीला लावून ठेवला. "त्यो हितंच ऱ्हातो," म्हणाली.

आज सकाळी गवंडी आला. सवयीनं मी त्याला काल रात्रीच फोन केला होता. तो म्हणाला, फरशी काढून खाली माल भरून नवी बसवतो, तासाचं काम. मी टेप लावून बघितलं. नवी बसवली तर उंची निदान दोन सुतांनी बदलणार. मग करंगळीनं निघणार नाही.

दिले: गवंड्याला शंभर रुपये, फेरीचे. काम काही केले नाही.